एसएमपीएस: दुरुस्ती की नवा?

राजारामपुरीत राहणारा भाचा बंद पडलेला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, पिशवीत घालून आला. "मामा, दुरुस्त करू की स्वस्तातला नवा घेऊ?"

उघडला. दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) डोक्यावर टम्म फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. दोन्ही ८५ अंशांचे, म्हणजे ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले. आतलं द्रव उष्णतेनं सुकत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. स्वस्त मालात काटकसर नेमकी इथंच करतात. वर पंखा धुळीनं जाम!

खर्चाला दुरुस्तीच हलकी, १०५ अंशांचे कपॅसिटर किरकोळ किमतीत मिळतात. टिकाऊपणाचं म्हणशील तर लेबलवरचे ४५० वॅट विसर, हातात वजन घेऊन बघ, जड तो सहसा चांगला. भाच्याचा जुना चांगला जड होता. नवा स्वस्त म्हणजे परत तेच ८५ अंश. कष्ट मात्र दुरुस्तीत जास्त, आणि जपून: प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत राहू शकतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर कारागिराकडेच दे.

फक्त कपॅसिटर फुगलेत आणि चार दिवस थांबता येतंय, तर दुरुस्ती. बोर्ड काळा पडलाय, ट्रान्सफॉर्मर जळालाय किंवा उद्याच प्रोजेक्ट द्यायचाय, तर नवा. पण थोडे जास्त पैसे घालून, जड बघून.