शेतीच्या उगमावरील अध्यापन-संच: वस्तू उत्तम, पुस्तिका घाईची

शिकार करणारा आणि रानातले अन्न गोळा करणारा माणूस शेतकरी कसा झाला, हे विद्यार्थ्यांना वस्तू हाताळून समजावे यासाठी तयार केलेला हा संच मी अभ्यासवर्गात वापरला आहे. लाकडी पेटीत रानटी आणि लागवडीच्या आइनकॉर्न या प्राचीन प्रकारच्या गव्हाच्या वाळलेल्या ओंब्या, एक भिंग, विळ्याची प्रतिकृती, दळण्याचा दगड, दोन हाडांच्या प्रतिकृती, नकाशा आणि पुस्तिका असे सामान आहे. पुस्तिका आणि नकाशा वगळले, तर संच घेण्यासारखा आहे.

संचाचा खरा जीव ओंब्यांमध्ये आहे. रानटी ओंबी अंगठ्याने हलकेच दाबली तरी तिची कणिशके, म्हणजे दाणे धरून असलेले छोटे तुकडे, एकेक करून सुटतात आणि टेबलावर विखुरतात. लागवडीची ओंबी मात्र चोळल्याशिवाय किंवा झोडपल्याशिवाय दाद देत नाही. झडणे ही रानटी गवताची स्वतःची पेरणीच असते, आणि न झडणारी ओंबी माणसाच्या हाताशिवाय पुढच्या हंगामापर्यंत पोहोचू शकत नाही. दोन्हींच्या कणिशकांची बुडे भिंगाखाली धरली की फरक लगेच दिसतो: रानटी कणिशकाच्या बुडाशी गुळगुळीत व्रण असतो, तर लागवडीच्या कणिशकाच्या बुडाची कड फाटलेली आणि खडबडीत असते. उत्खननात मिळालेल्या अवशेषांवर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक, हेच व्रण मोजतात. चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात तिआनलुओशान येथे भाताच्या कणिशकांची अशी मोजणी झाली, तेव्हा न झडणाऱ्या भाताचे प्रमाण सुमारे ३०० वर्षांत २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. म्हणजे माणसांच्या दहा-बारा पिढ्या खपल्यानंतरही रानटी भाताला लागवडीचा करण्याचे काम अर्धेसुद्धा झाले नव्हते.

विळा दिसायला देखणा आहे आणि चकमकीच्या दगडाची पाती पुरेशी धारदार आहेत, परंतु ती आधुनिक गोंदाने बसवून वर काळा रंग फासला आहे. प्राचीन पश्चिम आशियात अशी पाती बसवण्यासाठी नैसर्गिक डांबर वापरत, आणि ते वापरले असते तर मूठ हातात अधिक खरी वाटली असती. पात्यांच्या कडेवरची चकाकी मात्र चांगली साधली आहे. गवताच्या देठांतील सिलिकामुळे ती दीर्घ वापरानंतर येते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९६६ मध्ये आग्नेय तुर्कस्तानात चकमकीच्या विळ्याने रानटी आइनकॉर्न कापून पाहिला, तेव्हा तासाला सुमारे एक किलो स्वच्छ दाणा हाती आला आणि एखादे कुटुंब सुमारे तीन आठवड्यांत वर्षभर पुरून उरेल एवढे धान्य गोळा करू शकेल, असा हिशेब त्यांनी मांडला. न पेरता एवढे मिळत असेल तर पेरायचे कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आपण होऊन विचारला, आणि एखाद्या वस्तूने वर्गात याहून अधिक काय करावे?

दळण्याचा दगड निराशा करतो. तो इतका लहान आहे की टेबलावर ठेवूनच वापरावा लागतो, त्यामुळे गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून, पूर्ण अंगाचा भार पुढे-मागे ढकलण्याचे श्रम कळतच नाहीत. सीरियातील अबू हुरेरा या प्राचीन वस्तीतील सांगाड्यांत, विशेषतः स्त्रियांच्या, पायाचा अंगठा, गुडघे आणि कंबरेवरचे मणके यांवर याच कामाच्या खुणा सापडल्या. पेटीतल्या अंगठ्याच्या आणि मणक्याच्या प्रतिकृती त्यासाठीच आहेत, पण त्यांचा दगडाशी काय संबंध, हे पुस्तिकेत कुठेही सांगितलेले नाही.

पुस्तिकेची मुख्य अडचण अशी की ती पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांची ‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही १९३० च्या दशकातील मांडणी जशीच्या तशी उचलते आणि आधी शेती, मग घरे, मग देवळे असा सरळ जिना रचते. प्रत्यक्षात इस्राएलमधील गालिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वी लोक रानटी जव गोळा करून दगडावर दळत होते. पश्चिम आशियातील शेतीपूर्व काळातले नतुफियन लोक शेती नसतानाच दगडी पायाच्या गोल घरांत राहत होते आणि त्यांच्याकडेही चकाकी चढलेले विळे होते. तुर्कस्तानातील गोबेकली तेपे या प्राचीन स्थळाचे प्रचंड कोरीव खांब उभारणाऱ्यांचे अन्नही रानातलेच होते. यांपैकी एकाचाही उल्लेख नाही, आणि विळ्याखाली मात्र ‘पहिल्या शेतकऱ्याचे अवजार’ असे छापले आहे. ओंबी कच्ची असताना कापली किंवा पिकल्यावर टोपलीत झटकून घेतली, तर झडणारे दाणेही हाती येतात, त्यामुळे न झडणाऱ्या दाण्यांची निवड होत नाही, आणि बदलाला हजारो वर्षे का लागली याच्या कारणांपैकी हे एक आहे. पेटीतल्या ओंब्यांवरून हे दहा मिनिटांत दाखवता येते. लेखकाला ते सुचले नाही याचे आश्चर्य वाटते.

नकाशा तर सरळ चुकीचा आहे. त्यात पश्चिम आशियातून निघालेले बाण साऱ्या जगभर गेले आहेत, जणू मेक्सिकोत टिओसिंटे गवतापासून मका, चीनमध्ये भात आणि न्यू गिनीच्या कुक दलदलीत केळी व अळू यांची लागवड तिथल्या लोकांनी स्वतंत्रपणे सुरू केलीच नव्हती. मी तो भिंतीवर लावत नाही.

घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रानटी ओंब्या आपल्या स्वभावाप्रमाणे झडतातच, त्यामुळे थोड्या वर्गांनंतर पेटीत नुसते देठ उरतात. त्या वेगळ्या विकत मिळत नाहीत, पूर्ण संचच पुन्हा मागवावा लागतो, आणि हे विक्रेत्याने लवकर बदलायला हवे. तोवर प्रत्येक वर्गाला एकच ओंबी मोडू द्यावी, सुटलेली कणिशके काचेच्या डबीत जपून ठेवावीत आणि भिंगाचे काम त्यांच्यावरच भागवावे.