एमरिक प्रेसबर्गरचे सिनेमे: बरेच महिने बघितल्यानंतरचा अनुभव

पॉवेल-प्रेसबर्गर या जुन्या ब्रिटिश सिनेमावाल्या जोडीतलं हे दुसरं नाव, सगळे बोलतात ते डिरेक्टर मायकल पॉवेलबद्दल. पण कित्येक महिने यांचेच सिनेमे घरी परत परत लावतोय आणि माझं मत पक्कं झालंय की खरा जीव प्रेसबर्गरच्या लिखाणात आहे.

माणूस हंगेरीतल्या मिश्कोल्त्सचा, जन्म १९०२. बर्लिनला उफा या जर्मन फिल्म स्टुडिओसाठी लिहायचा, ज्यू असल्यामुळे १९३३ ला हिटलर आल्यावर पॅरिसला निघून गेला, तिथून १९३५ ला लंडन, आणि काही वर्षांत इंग्रजीत लिहून थेट ऑस्कर, '४९थ पॅरलल'च्या कथेसाठी. त्यात कॅनडात अडकलेले जर्मन पाणबुडीवाले आहेत, त्यातला फोगेल हटराइट (एकत्र राहणारा ख्रिस्ती पंथ) लोकांच्या वस्तीत पाव भाजायला लागतो आणि त्याला तिथेच राहावंसं वाटतं, तर त्याचेच साथीदार त्याला मारून टाकतात. ऐन युद्धात, १९४१ साली, शत्रूकडचा माणूस एवढ्या मायेनं लिहायला हिंमत लागते राव.

सगळ्यात जास्त वेळा लावला तो 'कर्नल ब्लिंप' (१९४३). चर्चिलला हा सिनेमा होऊच द्यायचा नव्हता. त्यात थिओ नावाचा म्हातारा जर्मन इंग्लंडमध्ये आसरा मागायला येतो, समोर अधिकारी बसलेत, आणि तो शांतपणे सांगतो की बायको गेली, मुलं नाझी झाली, आईच्या अंत्यविधीलाही आली नाहीत. रडारड नाही, म्युझिक नाही, नुसता अँटन वॉलब्रुकचा चेहरा. दरवेळी गलबलून येतं. प्रेसबर्गरची स्वतःची आई पुढे आउशविट्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली, हे कळल्यावर तर तो सीन बघणं अजून जड जातं.

सगळंच आवडलं असं नाही. 'अ कँटरबरी टेल' पहिल्यांदा फार रेंगाळतो, दुसऱ्यांदा मात्र धरून ठेवतो. 'ब्लॅक नार्सिसस'मधला हिमालय पाइनवुड स्टुडिओत उभा केलाय, दिसतो अफलातून, पण जीन सिमन्सला रंग फासून भारतीय मुलगी केलीय ते आपल्याला खटकतंच.

'द रेड शूज' हा बॅले नर्तकीचा सिनेमा त्यानं आधी निर्माता अलेक्झांडर कोर्डासाठी लिहिला होता, अभिनेत्री मर्ल ओबेरॉनला डोळ्यासमोर ठेवून (ती मुंबईत जन्मलेली). बघायचा तर २००९ ची रिस्टोअर केलेली प्रतच बघा, टेक्निकलरचा लाल रंग त्यात खरा कळतो. नवीन असाल तर 'आय नो व्हेअर आय एम गोइंग!' पासून सुरू करा, छोटा आहे, आणि सबटायटल्स लावा, स्कॉटिश उच्चार पटकन कळत नाहीत.