दोन टेबलांची रचना ताडायची: डम्प काढून की क्वेरी लिहून?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान, तासगावला बेदाण्याची शाखा, दोन्हीकडे वेगळा मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हर. असा कारभार असला की 'सौदे' नावाची दोन टेबलं कधीतरी एकत्र करायची वेळ येतेच. त्याआधी रचना जुळते का, ते बघायला हवं.

सोपी वाट डम्पची, म्हणजे डेटाबेस फाइलमध्ये उतरवून घेण्याची. नो-डेटा पर्याय देऊन दोन्हीकडची नुसती रचना काढायची आणि दोन्ही फायली डिफला (फायलींतले फरक दाखवणाऱ्या साधनाला) लावायच्या. कॉलम, इंडेक्स, फॉरेन की सगळं समोर येतं. पण नको ते फरकही येतात: ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) आकडा, डम्पची तारीख, मागेपुढे झालेला कॉलम. त्यात एकीकडे मायएसक्यूएल ५.७ आणि दुसरीकडे ८.० असेल तर बघायलाच नको. पूर्णांकाच्या कॉलमला जुना 'इंट(११)' लिहितो, ८.०.१९ पासूनचा नुसतं 'इंट'. साठवण दोन्हीत ४ बाइटचीच!

या गर्दीत खरा फरक नजरेतून निसटतो. समजा वजनाचा कॉलम सांगलीत डेसिमल(१०,३) आणि तासगावात (१०,२) आहे. १२.३४५ क्विंटल तिकडे गेलं की १२.३५ होतं. चुकीचा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोडही अडवत नाही, नुसती नोट देतो. दर १५,००० धरला तर पट्टीत ७५ रुपयांचा फरक, आणि शेतकरी तो बरोबर पकडतो.

दुसरी वाट इन्फर्मेशन स्कीमाची, म्हणजे सर्व्हर स्वतःच टेबलांची माहिती जिथे ठेवतो तिथली. त्यातल्या कॉलम्स टेबलमधून हवं तेवढंच उचलायचं: नाव, डेटा टाइप, प्रिसिजन, स्केल, लांबी, नल (रिकामं) चालतं का, डिफॉल्ट, कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम). दोन्हीकडचा माल एका जागी आणून यूनियन ऑलने एकाखाली एक लावायचा, मग ग्रुप बायने सारख्या ओळींचे गट करायचे, आणि ज्यांची संख्या १ भरते तेवढ्याच ओळी दाखवायच्या. कॉलम टाइप घेऊ नका, 'इंट(११)'चा घोळ तिथेही आहे; फक्त अनसाइन्ड तपासायचं असेल तर तो बघावाच लागतो. इंडेक्ससाठी स्टॅटिस्टिक्स टेबलवर वेगळी क्वेरी. लिहायला वेळ जातो, हे खरं.

मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या बटणांवर चालणाऱ्या साधनातही तुलनेची सोय आहे. बटणांवर काम करणाऱ्यांनी ती वापरावी.

दोन्ही सर्व्हर एकाच आवृत्तीचे आणि काम एकदाचंच असेल तर डम्प काढून मोकळे व्हा. आवृत्त्या वेगळ्या असतील किंवा दर महिन्याला ताडायचं असेल तर मी क्वेरीच घेईन. कोलेशनची रांग त्यात आधी बघा: एकीकडे जनरल आणि दुसरीकडे ०९०० हे कोलेशन निघालं, तर व्यापाऱ्याच्या नावावर जॉइन लावताच (दोन टेबलं जोडताच) एरर येईल.