डेक्कन जिमखाना: नातवाच्या पोहण्याच्या निमित्ताने

माझी सून नागपूरची. पुण्यात येऊन तिला सहा वर्षं झाली, पण डेक्कन जिमखाना हा खरोखरचा क्लब आहे हे तिला परवा कळलं. तिच्या लेखी ते बसस्टॉपचं नाव होतं. तिला सांगायला बसले आणि वाटलं, नीट लिहूनच काढावं.

नातवाला एप्रिलमध्ये जिमखान्याच्या टिळक तलावावर पोहायला घातलं. मीही तिथेच शिकले, पाठीला डबा बांधून, नऊ वर्षांची असताना. सकाळचं पाणी अजून तसंच बोचरं गार लागतं. शिकवणारे सर पोराला ढकलत नाहीत. आधी काठ धरून पाय मारायचे, मग तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, आणि भीती गेल्याशिवाय पुढचं काही नाही. आठ दिवस नातू रडला, नवव्या दिवशी माझ्याआधी उठून बसला. पालकांना एकच सांगणं: पहिले काही दिवस काठापासून लांब बसा. आई दिसली की मुलं पाण्यातून बाहेर येतात.

पण मला खरं सांगायचंय ते मैदानाबद्दल. जिमखाना स्थापन झाला १९०६ साली. तेव्हा गोऱ्यांचे क्लब कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात होते, आणि लकडी पुलाच्या या बाजूला वस्ती विरळ होती. पुढे संस्थेचंच नाव सगळ्या भागाला पडलं. सर दोराबजी टाटा अध्यक्ष असताना इथल्या शर्यतींत शेतकरी घरांतली मुलं अनवाणी धावली. त्यांना शर्यतीचे धड नियमही ठाऊक नव्हते, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. दोराबजींच्या हे लक्षात आलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला, पुण्यात निवड चाचणी झाली आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण रवाना झाले. त्यांतल्या काहींचा खर्च दोराबजींनी स्वतःच्या खिशातून केला.

फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, ऑलिंपिकमधल्या सगळ्या मॅरेथॉनमध्ये सर्वांत लांब. त्याच शर्यतीत संघातले दातारही होते, त्यांना ती पुरी करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, म्हणजे पदक एका कुस्तीने हुकलं. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ आपल्या पेठांपासून चालत जाता येईल अशा या मैदानावर निवडला गेला, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही. मी नातवाला सातव्या वर्षीच सांगितलं. त्याने विचारलं, "आजी, चौथा म्हणजे काहीच नाही मिळत?" मी म्हटलं, नाही रे राजा, पण शंभर वर्षांनी मी तुला त्यांचं नाव सांगतेय.

आमच्या लग्नाला एक वर्ष झालं होतं तेव्हा एका दुसऱ्या क्लबात, ह्यांच्या साहेबांच्या निमंत्रणावरून, आम्ही जेवायला गेलो होतो. ह्यांच्या पायात कोल्हापुरी चपला होत्या. दारावरच्या माणसाने त्या पाहून परत पाठवलं. हे पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत, मीच बोलते. क्लब कसला आहे हे मी तेव्हापासून पायांवरून ओळखते, आणि ज्याच्या इतिहासात अनवाणी पाय आहेत त्याच्याबद्दल मला माया वाटते.

टेनिसबद्दल माझं ज्ञान बेताचंच. बायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे होतात आणि त्या पाहायला मी शेजारच्या वहिनींना घेऊन जाते, इतकंच. सभासदत्व आणि फीची चौकशी ऑफिसातच करा, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. उन्हाळ्यात पोहायचं असेल तर चौकशी मार्चमध्येच करा, नंतर गर्दी होते.

काल नातवाने न थांबता रुंदी पार केली. खोल बाजूला जायला सर अजून परवानगी देत नाहीत. ते बरोबरच आहे.