मे महिन्यातला हिमालय : नाळ की धार?

सह्याद्रीत फिरलेल्याला नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, चढी घळ, ओळखीची असते. सरळ वर जाते, वाट चुकत नाही. हिमालयात वसंतात तीच नाळ जिवावर बेतू शकते. हिमाचलच्या धौलाधार रांगेतल्या इंद्रहार खिंडीकडे (४,३४२ मीटर) त्रिउंडच्या माळावरून चढणारे उतार दक्षिणेकडचे, भरपूर ऊन खाणारे. दोन्ही बाजूंचा ओला बर्फ सुटला की नाळेतच उतरतो आणि थांबल्यावर सिमेंटसारखा घट्ट बसतो. त्यात अडकलेल्याला हातही हलवता येत नाही.

नाळेनंच जायचं तर आदली रात्र निरभ्र हवी. तेव्हा वरचा थर कडक गोठतो, पहाटे बुटाखाली कर्रकर्र वाजतो. ढगाळ रात्रीनंतर तो नीट गोठत नाही, मग कितीही लवकर निघा. पाय घोट्याच्या वर रुतायला लागले, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की तिथूनच मागे फिरावं.

धार, म्हणजे डोंगराचा वरचा कणा, लांब पडते, वारा झोंबतो, दम निघतो. पण डोक्यावर बर्फाचा उतार नसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. सांभाळायची ती वाऱ्याच्या आडबाजूला लोंबणारी बर्फाची कड. ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच आतून तुटते, म्हणून कडेचा मोह सोडून खडकाच्या बाजूनं चालावं.

मी धारच निवडेन. दोघं-तिघं सराईत असतील तर पहाटेची नाळ समजू शकतो. मोठा गट असेल तर मुळीच नाही. शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं.