घरगुती सीओटू: साखर-यीस्ट की सायट्रिक अ‍ॅसिड-सोडा?

अ‍ॅक्वेरियमच्या टाकीतल्या वनस्पतींना लागणारा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, घरीच बनवायच्या या दोन पद्धती. साखर-यीस्टचा खर्च अगदीच किरकोळ. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, दोन वाट्या साखर, पाव चमचा यीस्ट, कोमट पाणी आणि झाकणातून काढून टाकीत सोडलेली नळी. काही तासांत बुडबुडे सुरू होतात. पण पुढची सूत्रं यीस्टच्या हाती! उन्हाळ्यात धडाका, थंडीत मरगळ, आणि दोन-तीन आठवड्यांत अल्कोहोल वाढलं की ते मान टाकतं. खरी अडचण रात्रीची आहे. दिवे मालवल्यावर वनस्पती सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात. यीस्ट मात्र थांबत नाही. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर आधी ही नळी बाहेर काढा.

दुसऱ्या पद्धतीत दोन बाटल्या: एकीत सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी, दुसरीत खायचा सोडा. दाबातल्या फरकामुळे आम्ल थोडं थोडं सोड्याकडे ओढलं जातं. झाकणं, दाब दाखवणारं गेज, वायू बारीक कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह विकत घ्यावे लागतात, पण बुडबुडे मोजून सोडता येतात आणि रात्री व्हॉल्व्ह बंद करता येतो. बाटल्या मात्र कोल्ड्रिंकच्याच हव्यात. साध्या पाण्याच्या बाटलीला हा दाब झेपत नाही.

टाकीतलं पाणी नळीतून उलट बाटलीत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दोन्ही पद्धतींत लावा. पाण्यातल्या सीओटूनुसार रंग बदलणारा ड्रॉप चेकर हिरवा, म्हणजे सीओटू साधारण 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग). पिवळा झाला की सीओटू लगेच कमी करा.

माझं मत स्पष्ट आहे: टाकीत मासे असतील तर सायट्रिक अ‍ॅसिडच. फक्त वनस्पतींच्या छोट्या टाकीला यीस्ट पुरे.