ई-लिलावात बोली हाताने चढवावी की ऑटो-बिडवर सोडावी?

मोंढ्यातल्या (बाजारातल्या) हर्राशीत, म्हणजे तोंडी लिलावात, बोली कितीने वाढवायची हे बोलणाऱ्याच्या तोंडावर असतं. कोणी दहाने चढवतो, कोणी एकदम शंभराने. ऑनलाइन लिलावात कमीत कमी वाढ आधीच ठरलेली असते आणि तिच्याखाली मशीन बोली घेतच नाही. लातूर-नांदेडकडचा बँकेने जप्त केलेला एखादा प्लॉट तुमच्या डोळ्यात भरला असेल, तर नोटिशीत राखीव किंमत (जिच्याखाली विक्री होत नाही) आणि अनामत रकमेच्या आसपास ‘बोली वाढीची रक्कम’ अशी एक ओळ असते. लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तुमचा कमाल आकडा किती असावा, हे मात्र बरंचसं तीच ठरवते.

समजा राखीव किंमत १८,००,००० आहे आणि वाढ २५,००० ची. बऱ्याच नोटिशींमध्ये पहिली बोली राखीव किमतीपेक्षा एका टप्प्याने वर लागते, म्हणजे १८,२५,०००. तुम्ही घरी हिशोब करून २१,६०,००० वर थांबायचं ठरवलंत. हा आकडा त्या लिलावात अस्तित्वातच नाही. २१,५०,००० आहे, त्यानंतर थेट २१,७५,०००. म्हणजे तुमची खरी मर्यादा साडेएकवीस लाखच. लिलावाच्या ऐन रंगात ‘पंधरा हजारांनी काय होतंय’ म्हणत माणूस वरच्या टप्प्यावर चढतो, म्हणून हा निर्णय आदल्या रात्रीच झालेला बरा.

हाताने चढवताना

शेवटी दोघंच उरले आणि दोघंही एकेक टप्पा चढत असले, तर साडेएकवीस लाख कुणाच्या वाट्याला येणार हे पहिल्या बोलीलाच ठरून जातं. साडेएकवीस हा चौदावा टप्पा. समोरच्याने पहिला घेतला तर सम टप्पे तुमचे आणि चौदावाही तुमचाच. पहिला तुम्ही घेतलात तर तुम्ही तेराव्यावर, २१,२५,००० ला, चौदाव्यावर समोरचा. आता पुढे जायचं तर मर्यादा मोडावी लागते. यावर उपाय म्हणजे मध्येच कुठेतरी एकदम दोन टप्पे चढणं, त्याने पाळी उलटते. किंमत मोजावी लागते ती एवढीच की, समोरचा त्याच क्षणी गळणार असेल तर तुमचे २५,००० फुकट गेले. (एका वेळी किती टप्पे चढता येतात यालाही काही नोटिशींमध्ये मर्यादा असते.) तिसरा माणूस आला की हे गणित विस्कटतं. पण स्क्रीनसमोर बसलेला माणूस ते पुन्हा मांडू शकतो, आणि हाताने बोली लावण्याचा खरा फायदा मला एवढाच दिसतो.

तोटे ठसठशीत आहेत. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, बहुधा पाच किंवा दहा मिनिटांनी. समोरचा प्रत्येक वेळी शेवटच्या मिनिटाला जागा होणारा असेल तर दुपार जाते. मध्ये वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, तर बँक काही थांबत नाही. आणि थकलेल्या बोटाने एक शून्य जास्त पडलं तर ती बोली मागे घेता येत नाही.

ऑटो-बिडवर सोडताना

कमाल आकडा एकदा भरायचा. समोरच्याने चढवलं की मशीन तुमच्या वतीने फक्त एकच टप्पा वर जातं. साडेएकवीस भरले म्हणून साडेएकवीसच मोजावे लागत नाहीत. ही सोय सगळ्याच पोर्टलांवर नसते, आधी पाहून घ्या. पण मशीन पाळीचा हिशोब करत नाही. ते २१,२५,००० वर असताना समोरच्याने २१,५०,००० टाकले, तर ते गप्प बसतं, कारण पुढचा टप्पा तुमच्या कमाल आकड्याच्या वर जातो.

ईबेसारख्या, वस्तूंचे ऑनलाइन लिलाव चालणाऱ्या संकेतस्थळांवर पद्धत मुळातच वेगळी आहे. निजामाचे चारमिनारवाले हाली रुपये जमवणारे आपल्याकडे आहेत. ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाल्यावरही परदेशी संकेतस्थळावर बोली लावणारे भेटतात. तिथे टप्पा किमतीबरोबर वाढत जातो: अमेरिकी संकेतस्थळावर २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान एक डॉलर, १०० ते २५० मध्ये अडीच. तुम्ही १०० डॉलर भरले, समोरच्याने ८०, तर नाणं ८१ ला तुमचं. दोघांनीही नेमके १०० भरले तर ज्याने आधी भरले तो जिंकतो. बंद होण्याची वेळही पक्की असते, म्हणून शेवटच्या सेकंदाला उडी मारणारे तिथे फार. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले होते. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की वेळ वाढायची आणि तिथे शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेपेक्षा बरीच कमी दिसली. बँकेचा लिलाव या बाबतीत ॲमेझॉनच्या जातीचा. तिथे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून काही साधत नाही, वेळ तेवढी वाढते.

माझं मत: नाण्यासाठी खरा आकडा ऑटो-बिडमध्ये भरा आणि झोपा. प्लॉटसाठी, तुमच्याकडे दुसरं इंटरनेट आणि चार्ज केलेला लॅपटॉप असेल तर हाताने. शेतावरून फोनवर बसणार असाल तर ऑटो-बिड. टप्पा राखीव किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर असेल, म्हणजे इथे लाखाचा, तर मात्र कसंही करून हातानेच. एवढ्या मोठ्या पायरीवर पाळी चुकली तर दुरुस्तीला लाखभर लागतात.

आणि मर्यादा ठरवताना बँकेचं कर्ज मंजूर होईल या भरवशावर ठरवू नका. सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण विकू देणारा कायदा) विक्रीत अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात, उरलेले साधारण पंधरा दिवसांत. नाही भरले तर भरलेली रक्कमही जप्त होते.